अरबी समुद्राचा श्वास मोजताना

पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि ऑगस्ट उजाडताच उत्तन, पाली, चौक येथील नौका पुन्हा खोल पाण्याकडे निघतात. मीरा रोडच्या हाटकेश परिसरातील दाट वसाहतींमधून समुद्र दिसत नाही. पण पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरच्या आत तो आहे आणि दोन्ही बाजूंनी त्याचा या वस्तीशी संबंध येतो. बोंबील, मांदेली, जवळा तिकडून बाजारात येतात, तर पावसाचे पाणी आणि वसाहतींचे सांडपाणी नाल्या-खाड्यांतून तिकडे जाते. या समुद्रात यंदा मासळी कशी असेल, तळाच्या पाण्यात प्राणवायू पुरेसा असेल का, दहा वर्षांनी काय स्थिती असेल, असे प्रश्न कोळ्यांना पडतात तसेच शास्त्रज्ञांनाही पडतात. उत्तरासाठी शास्त्रज्ञ संगणकावर समुद्राची गणिती प्रारूपे, म्हणजेच रूढ शब्दांत मॉडेल, तयार करतात. ही प्रारूपे दिसायला भारदस्त असली तरी त्यांचे खरेखोटेपण शेवटी एकाच गोष्टीवर ठरते. प्रत्यक्ष समुद्रात उतरून कोणी, कुठे, किती वेळा आणि किती सातत्याने मोजमाप केले, ही ती गोष्ट होय.

चार खात्यांची चोपडी

हवामानाच्या प्रारूपात वारा, तापमान, बाष्प यांचा हिशेब असतो. समुद्राच्या जैव-भू-रासायनिक प्रारूपात त्यावर आणखी एक हिशेब चढतो, तो जीवसृष्टीचा. सर्वांत साध्या प्रारूपात चार खाती असतात. पहिले खाते पोषकद्रव्यांचे, म्हणजे मुख्यतः नत्र आणि स्फुरद यांच्या क्षारांचे. दुसरे सूर्यप्रकाशावर वाढणाऱ्या सूक्ष्म वनस्पतीप्लवकांचे, तिसरे त्यांना खाणाऱ्या प्राणीप्लवकांचे आणि चौथे या साऱ्यांच्या मृत अवशेषांचे. एका खात्यातून वजा झालेले दुसऱ्यात जमा होते. वनस्पतीप्लवक वाढले की पोषकद्रव्ये घटतात. प्राणीप्लवकांनी त्यांना खाल्ले की तिसरे खाते फुगते. मृत अवशेष खाली बुडतात, जिवाणू त्यांचे विघटन करतात आणि त्या कामी पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो.

समुद्रातील सजीवांच्या हिशेबाला एक ढोबळ विनिमय दरही आहे. कार्बनचे १०६, नत्राचे १६ आणि स्फुरदाचा १ अणू, असे हे प्रमाण अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या नावाने ओळखले जाते. प्लवकांची वाढ समीकरणांत बसवण्याचा महत्त्वाचा प्रयत्न गॉर्डन रायली यांनी १९४६ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या जॉर्जेस बँक या मासेमारी क्षेत्रासाठी केला. १९९० मध्ये मायकेल फॅशम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले प्रारूप पुढे अनेकांच्या कामाचा पाया ठरले. आजच्या प्रारूपांत चारऐवजी वीस-तीस खाती असू शकतात. तत्त्व मात्र तेच आहे.

अडचण येथेच सुरू होते. प्लवक दिवसाला किती वेगाने वाढतात, प्राणीप्लवक त्यांतले किती फस्त करतात, मृत कण दिवसाला किती मीटर बुडतात, या प्रत्येक गोष्टीसाठी प्रारूपाला एकेक आकडा द्यावा लागतो. पाण्याचे वहन न्यूटनच्या नियमांनी सांगता येते. प्लवकांच्या भुकेसाठी तसा नियम नाही. हे आकडे प्रयोगशाळेतून आणि प्रामुख्याने समुद्रातूनच मिळवावे लागतात. एका समुद्रात मिळालेला आकडा दुसऱ्यात चालेलच, याची खात्री नसते.

मधल्या थरातील दुष्काळ

अरबी समुद्र हा अशा प्रारूपांची कसोटी पाहणारा समुद्र आहे. १९३३-३४ मध्ये सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली इजिप्तच्या ‘मबाहिस’ या जहाजावरून जॉन मरे मोहीम झाली. या समुद्राच्या मधल्या खोलीत प्राणवायू अत्यल्प असल्याचे त्या मोहिमेच्या मोजमापांतून दिसले. पृष्ठभागापासून सुमारे दीडशे मीटरवर सुरू होणारा आणि हजार मीटरच्या आसपास संपणारा हा थर जगातील सर्वांत ठळक प्राणवायू-न्यून क्षेत्रांपैकी एक आहे. पृष्ठभागाच्या पाण्यात लिटरमागे साधारण सहा-सात मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तो दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक माशांचा जीव गुदमरू लागतो. या थराच्या गाभ्यात तर तो जवळपास शून्यावर येतो.

प्राणवायू संपला की काही जिवाणू श्वसनासाठी पाण्यातील नायट्रेट वापरू लागतात. त्यामुळे प्लवकांचे खत असलेले नत्र वायुरूप होऊन समुद्राबाहेर जाते. समुद्राच्या पाण्यात ही क्रिया मोठ्या प्रमाणावर घडते अशी जगात तीनच प्रमुख क्षेत्रे आहेत. दोन पूर्व प्रशांत महासागरात आणि तिसरे आपल्या दारात. याच क्रियेत नायट्रस ऑक्साइडही तयार होतो. वजनास वजन धरले तर शंभर वर्षांच्या कालावधीत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून अधिक उष्णता अडवतो. म्हणजे हा प्रश्न केवळ मासळीचा राहत नाही, हवामानाचाही होतो.

खोल समुद्रातील हा थर कायमचा आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ भूखंडमंचावर मात्र हंगामी दुष्काळ पडतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत, विशेषतः केरळपासून गोव्यापर्यंत, खालचे थंड आणि प्राणवायू कमी असलेले पाणी मंचावर चढते. वरून पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचे हलके झाकण बसते, त्यामुळे हवेतील प्राणवायू खाली पोहोचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाचे पाणी काही ठिकाणी पूर्ण निष्प्राण होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात याचे चित्र मांडले. १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांना या उथळ पाण्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू आढळला होता आणि नायट्रस ऑक्साइडचे प्रमाणही असाधारण होते.

हे कळले ते समुद्रात जाऊन पाण्याचे नमुने घेतल्यामुळे. याच संस्थेने गोव्यातील कांदोळीसमोर, पंचवीस-तीस मीटर खोलीच्या एका ठरावीक जागी, १९९७ पासून वारंवार मोजमापे घेण्यास सुरुवात केली. त्याच जागी परत परत जायचे, वेगवेगळ्या खोलीवरील पाणी बाटल्यांत भरायचे, तापमान, क्षारता, प्राणवायू, नायट्रेट मोजायचे, असे हे काम आहे. त्यात नाट्य काही नाही. पण एका वर्षी दिसलेला दुष्काळ दरवर्षीचा आहे की अपवादात्मक, हे सांगण्याची सोय अशा मालिकेशिवाय दुसरी नाही.

प्रारूपे कोठे चुकतात?

अरबी समुद्रात सर्वाधिक प्लवकवाढ पश्चिमेला, सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत होते. तेव्हा प्राणवायूचा सर्वाधिक खर्चही तेथेच व्हावा, असे साध्या हिशेबाने वाटेल. प्रत्यक्षात न्यून क्षेत्राचा गाभा पूर्वेकडे, आपल्या बाजूला सरकलेला आहे. जगभरासाठी तयार केलेल्या अनेक प्रारूपांना हे सरकणे नीट जमत नाही. काही प्रारूपे तर अरबी समुद्रापेक्षा बंगालच्या उपसागरात अधिक तीव्र टंचाई दाखवतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. लहान भोवरे प्राणवायू कसा पसरवतात, इराणच्या आखातातून आणि तांबड्या समुद्रातून येणारे खारट पाणी कोणत्या खोलीवर शिरते, मृत कण किती लवकर बुडतात, यांपैकी एका बाबीत जरी चूक झाली तरी साऱ्या क्षेत्राची जागा बदलते.

दुसरे उदाहरण हिवाळ्याचे. पावसाळ्यात समुद्र घुसळला जातो, म्हणून तेव्हा प्लवक वाढतात हे समजण्याजोगे आहे. पण ईशान्य अरबी समुद्र हिवाळ्यातही हिरवा का होतो? एम. मधुप्रताप आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याचे उत्तर मोजमापांच्या आधारे दिले. उत्तरेकडून येणारे कोरडे, थंड वारे पृष्ठभागाचे पाणी गार करतात. गार झालेले पाणी जड होऊन खाली जाते आणि त्या उलथापालथीत खालची पोषकद्रव्ये वर येतात. ज्या प्रारूपात ही घुसळण पुरेशी खोल जात नाही, त्यात हिवाळी बहर येतच नाही. कोणत्या कळीवर बोट ठेवायचे, हे मोजमापांमुळे समजले.

तिसरे उदाहरण अधिक बोलके आहे. मूळचे गोव्याचे जोआकिम गोएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडला की, उपग्रहाच्या नोंदींनुसार १९९७ पासूनच्या सुमारे सात वर्षांत अरबी समुद्राच्या पश्चिम भागात उन्हाळी वनस्पतीप्लवकांचे प्रमाण ३५० टक्क्यांहून अधिक वाढले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दशकभराने, अधिक दीर्घ उपग्रह-नोंदी आणि प्रारूपे यांची सांगड घालून, उलट दिशेचे चित्र दाखवले. समुद्र तापल्यामुळे वरचे पाणी हलके होऊन खालच्या पाण्यात मिसळेनासे झाले आहे आणि पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत प्लवकांची घट २० टक्क्यांपर्यंत झाली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही अभ्यासांचे क्षेत्र आणि कालखंड नेमके एक नव्हते, हे खरे. तरीही धडा स्पष्ट आहे. सात वर्षांची नोंद ही समुद्राच्या नैसर्गिक चढउतारातील एखादी लाट असू शकते. आणि सहा दशकांपैकी उपग्रहपूर्व काळासाठी आपल्याला प्रारूपावरच विसंबावे लागते. वाढ की घट, इतक्या मूलभूत प्रश्नाचे उत्तर मोजमापांच्या लांबीवर अवलंबून राहते.

चूक कशी दुरुस्त होते?

मोजमाप आणि प्रारूप यांची गाठ तीन प्रकारे घातली जाते. पहिला प्रकार पडताळणीचा. प्रारूपाने काढलेले आकडे आणि बाटलीतले आकडे शेजारी ठेवायचे आणि तफावत पाहायची. यात एक फसगत संभवते. प्लवकांची वाढ खरी आहे त्यापेक्षा जास्त धरली आणि त्यांचे खाल्ले जाणेही जास्त धरले, तर शिल्लक बरोबर येते, पण हिशेब खोटाच असतो. चोपडीत जमा आणि खर्च दोन्ही फुगवून शिल्लक जुळवण्यासारखाच हा प्रकार. म्हणून केवळ हरितद्रव्य मोजून भागत नाही. त्याच वेळी नायट्रेट, प्राणवायू, प्राणीप्लवक आणि बुडणारे कण हेही मोजावे लागते. १९९० च्या दशकात ‘जेगॉफ्स’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात भारतीय जहाजांनी आणि इतर देशांच्या जहाजांनी अरबी समुद्रात नेमके हेच केले. त्या नोंदी आजही प्रारूपांच्या परीक्षेसाठी वापरल्या जातात.

दुसरा प्रकार प्रारूपातील आकडे सुधारण्याचा. वाढीचा दर, खाण्याचा दर, बुडण्याचा वेग यांत थोडाथोडा बदल करून प्रारूप पुन्हा पुन्हा चालवले जाते आणि कोणत्या आकड्यांनी ते निरीक्षणांच्या सर्वाधिक जवळ येते, ते शोधले जाते.

तिसरा प्रकार चालू प्रारूपाला वाटेत सावरण्याचा. हवामानाच्या अंदाजात ही पद्धत दीर्घकाळ रुळलेली आहे. समजा, प्रारूप म्हणते की शंभर मीटरवर प्राणवायू तीन मिलिग्रॅम आहे आणि यंत्र म्हणते दोन. कोणाचे खरे मानायचे? दोघांचेही पूर्ण खरे मानायचे नाही. प्रारूपाची चूक साधारण किती असते आणि यंत्राची किती, याचा अंदाज घेऊन ज्याची चूक लहान त्याच्याकडे झुकणारा आकडा स्वीकारायचा आणि तेथून पुढचे गणित चालवायचे. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिती चाळणीचे हेच सार आहे. प्रारूपाची चूक ओळखण्यासाठी त्याच्या अनेक प्रती किंचित वेगळ्या सुरुवातीने चालवतात. त्या जेथे एकमेकींपासून फार दूर जातात, तेथे प्रारूप बेभरवशाचे समजायचे. पुढचे यंत्र कोठे सोडावे, याचाही इशारा त्यातून मिळतो.

येथेही सावधगिरी लागते. तापमानाची नोंद घेऊन प्रारूपाला एकदम धक्का दिला, तर त्यात पाणी विनाकारण वर-खाली होऊ लागते. त्याबरोबर पोषकद्रव्ये वर ढकलली जातात आणि समुद्रात नसलेला बहर संगणकात फुलतो. शिवाय यंत्रेही निर्दोष नसतात. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये शोधलेली रासायनिक पद्धत आजही प्राणवायूच्या मोजमापाचा मानदंड आहे; तरी प्राणवायू शून्यालगत असताना ती किंचित जास्त आकडा दाखवू शकते. स्वयंचलित संवेदकांचे आकडे काळानुसार सरकत जातात आणि ते वेळोवेळी तपासून घ्यावे लागतात.

आकाशातून आणि पाण्याखालून

भारताने २६ मे १९९९ रोजी ‘ओशनसॅट-१’ सोडला आणि समुद्राचा रंग पाहणारा स्वतःचा डोळा मिळवला. २००९ मध्ये ‘ओशनसॅट-२’ आणि २०२२ मध्ये त्याच मालिकेतील तिसरा उपग्रह गेला. समुद्राच्या रंगावरून हरितद्रव्य आणि त्यावरून प्लवक ओळखता येतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहांनी टिपलेले तापमान आणि हरितद्रव्य पाहून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना मच्छीमारांना देते.

पण उपग्रहाला फक्त वरची साय दिसते. प्लवकांचा सर्वांत दाट थर अनेकदा पन्नास-साठ मीटर खाली असतो. तो त्याच्या नजरेतून सुटतो. प्राणवायू तर त्याला दिसतच नाही. ही उणीव ‘आर्गो’ तरंगक भरून काढतात. ही माणसाच्या उंचीची नळकांडी हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून मोजमाप करत वर येतात आणि उपग्रहामार्फत नोंदी पाठवतात. जगभरात असे सुमारे चार हजार तरंगक आहेत. बहुतेक केवळ तापमान आणि क्षारता मोजतात. पण त्यांची नवी पिढी प्राणवायू, नायट्रेट, आम्लता, हरितद्रव्य, तरंगते कण आणि प्रकाश या सहा गोष्टीही मोजते. असे एक हजार तरंगक जगभर कार्यरत ठेवण्याचे उद्दिष्ट आहे. ‘इन्कॉइस’नेही प्राणवायू आणि हरितद्रव्य मोजणारे तरंगक अरबी समुद्रात सोडले आहेत. जहाज वर्षातून एखाददा जाई तेथे आता पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रातूनही नोंद येते.

या सर्व नोंदी एकत्र केल्यावर चित्र सुखावह नाही. १९६० ते २०१० या काळात जगातील महासागरांनी दोन टक्क्यांहून अधिक प्राणवायू गमावला, असा अंदाज जर्मन शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. प्रारूपांनी दाखवलेली घट सर्वसाधारणपणे याहून कमी होती. म्हणजे मोजमाप नसते, तर धोका आहे त्यापेक्षा लहान वाटला असता.

उथळ पाण्याचे काय?

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे येऊ. दोन हजार मीटर बुडी मारणारा तरंगक उत्तनसमोरच्या उथळ पाण्यात निरुपयोगी आहे. मुंबईसमोर भूखंडमंच तीनशे किलोमीटरच्या घरात रुंद आहे. तेवढ्या पट्ट्यात त्याचा शिरकाव नाही. उपग्रह तेथे पोहोचतो, पण दोन अडथळे येतात. जून ते सप्टेंबर आकाश ढगांनी झाकलेले असते, आणि किनाऱ्याच्या प्राणवायूची कहाणी नेमकी याच महिन्यांत घडते. शिवाय उल्हास-वैतरणेचा गाळ आणि मोठ्या भरती-ओहोटीमुळे ढवळलेला चिखल पाण्याचा रंगच बदलतो. गढूळ पाण्यात उपग्रहाला गाळ कोणता आणि हरितद्रव्य कोणते हे सहज ओळखू येत नाही. जेथे माणसे राहतात, मासे पकडतात आणि सांडपाणी सोडतात, तेथेच ही दोन्ही आधुनिक साधने अधू ठरतात.

अशा जागी जुन्या पद्धतीचे, एका ठिकाणी टिकून केलेले मोजमाप किती मोलाचे असते, हे कांदोळीने दाखवले आहे. व्ही. पार्वती आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रारूप आणि कांदोळीच्या नोंदी यांची सांगड घालून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापतो आणि पूर्व भाग गार होतो, अशा धन ‘द्विध्रुव’ स्थितीच्या वर्षी आपल्या किनाऱ्यालगतचे थंड पाणी शरदात खोल ढकलले जाते आणि उथळ पाण्यातील प्राणवायू पूर्ण संपण्याचे संकट टळते. कारण हजारो किलोमीटरवर, परिणाम गोव्याच्या दारात! ‘द्विध्रुव’ काही महिने आधी ओळखता येत असल्याने उद्या हंगामी अंदाजाची वाटही यातून निघू शकते. प्रारूप नसते तर कारण कळले नसते. कांदोळीच्या बाटल्या नसत्या तर कारण खरे की खोटे हे कळले नसते.

मात्र गोव्याचे आकडे उत्तर कोकणाला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. येथे मंच रुंद आहे, भरतीचा जोर अधिक आहे, खालचे पाणी वर येण्याची क्रिया दक्षिणेइतकी प्रबळ नाही आणि महानगराच्या सांडपाण्यातून नत्र-स्फुरदाची भर मोठी आहे. एखाद्या ऑक्टोबरात तळाचा प्राणवायू घटला, तर तो समुद्राने घटवला की शहराने, हे वेगळे करायचे असेल तर वसईच्या खाडीच्या मुखापासून खोल पाण्यापर्यंत, महिन्या-महिन्याची आणि वर्षानुवर्षांची नोंद हवी. अन्यथा एक पक्ष निसर्गाकडे बोट दाखवील, दुसरा महापालिकांकडे, आणि प्रारूप दोघांनाही हवे ते उत्तर देईल.

याला फार मोठी जहाजे लागतीलच असे नाही. न्यूझीलंडमध्ये ‘मोआना’ प्रकल्पात मासेमारी नौकांच्या जाळ्यांना लहान तापमापक संवेदक जोडले गेले आणि त्यांच्या नोंदी समुद्राच्या अंदाजासाठी वापरल्या गेल्या. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड उपसागरात २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सापळ्यांतच शेवंडे मेलेले आढळले. कारण तळाच्या पाण्यातील प्राणवायू संपला होता. त्यानंतर तेथील मच्छीमारांच्या सापळ्यांवरच प्राणवायू मोजणारी यंत्रे बसवण्यात आली. आपल्याकडची डोल जाळी तर ठरलेल्या जागी, भरती-ओहोटीच्या प्रवाहाच्या तोंडाशी बांधली जातात आणि वेळच्या वेळी उपसली जातात. शास्त्रज्ञाला हवे असते ते हेच. तीच जागा, तीच खोली, नियमित फेरी. जाळ्याबरोबर एक संवेदक खाली गेला, तर प्रत्येक फेरीला तळाच्या पाण्याची नोंद वर येऊ शकते. मात्र त्या नोंदी तपासणारी संस्था, संवेदक दुरुस्त करणारी व्यवस्था आणि त्यातून निघालेला अंदाज मराठीत त्याच कोळ्याच्या हाती परत देण्याची हमी, या तीन गोष्टी सोबत हव्यात. नाही तर नोंदी गोळा होतील आणि विश्वास मात्र गमावला जाईल.

समुद्राची प्रारूपे दिवसेंदिवस अधिक तपशीलवार होत जातील, संगणक अधिक वेगवान होतील. पण न मोजलेल्या पाण्याबद्दल संगणक फक्त तर्क करू शकतो. जॉन मरे मोहिमेने नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी घेतलेली मोजमापे आज उपयोगी पडतात, कारण ती तेव्हा घेतली गेली. आज जे मोजले जाणार नाही, ते उद्या कितीही पैसे मोजून मिळणार नाही. किनाऱ्यावरच्या शहरांनी आपल्या समुद्राची नोंद ठेवणे हे पाणीपुरवठा आणि पर्जन्यमापन यांच्याइतकेच नेहमीचे नागरी काम मानले, तर हाटकेशच्या बाजारात येणाऱ्या मासळीचे भवितव्य निदान अंधारात तरी ठरणार नाही.